अव्वाचा अनुभव

“नाक धरून पी. चव बघायची नसते त्याची,” अव्वा म्हणाली.

बाटलीच्या बुचानं मापून तिनं तो रस फुलपात्रात ओतला, वर थोडं कोमट पाणी घातलं आणि फुलपात्र माझ्यापुढं सरकवलं. काळपट तपकिरी रंग. वास तर आधीच आला होता, झाकून ठेवून विसरलेल्या ताकासारखा. मी एक घोट घेतला आणि मला उमासाच आला. आंबट, तुरट, आणि मागून काहीतरी कुजकं.

अव्वा हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. तिला असं हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहत होते.

“पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. नोनी आहे ती. तिकडं लांब समुद्रात बेटं आहेत, तिथलं फळ. रोज सकाळी अनशापोटी घ्यायचं.”

“कशासाठी?”

“सगळ्यासाठीच. साखर, बीपी, गुडघे, थायरॉईड.” ती बूच धुता धुता थांबली. “कावीळसुद्धा.”

उरलेला रस तिनं मला मोरीत ओतू दिला नाही. स्वतः पिऊन टाकला.

आईला मी अव्वा म्हणायचे आणि वडिलांना अप्पा. आम्ही सोलापूरचे. अप्पा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. मी दुसरीत असताना ते कावीळ होऊन गेले. त्यांच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं, कारण अव्वानं त्यापलीकडं कधी काही सांगितलं नाही. अप्पा गेल्यावर तिनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकली, त्यावर मला शिकवलं आणि लग्न करून पुण्याला पाठवलं. दिवसभर तव्यापुढं बसणारी ती बाई बोलायची फार कमी. बोललीच तर ज्वारीचा भाव, विस्तवाची धग, गिऱ्हाईक. मी फोन केला की तिकडून “हं” आणि “बरं” एवढंच यायचं. शेवटी “ठेवते” म्हणायची.

आणि त्या वर्षी ती अचानक बोलायला लागली. फोन ती स्वतः करायची. सोलापुरात नोनी विकणाऱ्या शोभाताई बिराजदार, त्यांच्या मीटिंगा, कुणाचा गुडघा कसा बरा झाला, कुणाची साखर कशी उतरली, हे सगळं ती रंगवून सांगायची. मला आधी काळजी वाटली, मग चांगलंही वाटलं. म्हातारपणी तिला चार माणसं मिळाली होती. चैत्रातल्या एका आठवड्यात तिचा फोन आला, “रविवारी ये. माझा अनुभव आहे.”

“कसला अनुभव?”

“स्टेजवर सांगायचा असतो. मोठा कार्यक्रम आहे. मुंबईचे सर येणार आहेत.”

म्हणून मी आले होते. अव्वा अबोली रंगाचं नवं लुगडं नेसली होती आणि पायांत तिनं चक्क मोजे घातले होते.

“या उन्हात मोजे?”

“टाचा फुटल्यात. स्टेजवर चांगलं नाही दिसत.”

“इन्शुलिन घेतलंस का सकाळचं?”

“घेतलं की. तू अजून गाडीत असशील तेव्हाच.”

अव्वा खोटं बोलते असा विचारही माझ्या मनात कधी आला नव्हता. मी विषय सोडला.

तेवढ्यात शोभाताई आल्या. पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू, खांद्याला मोठी पर्स. त्यांनी वाकून अव्वाच्या पदराला नोनीच्या कंपनीचा बिल्ला लावला, दोन पावलं मागं सरून पाहिला आणि पुन्हा सरळ केला. मग माझे हात हातात घेतले.

“तुमच्या आई म्हणजे काय सांगू! एकदा बोलायला लागल्या की सगळा हॉल चिडीचूप होतो. आम्ही इतकी वर्षं बोलतोय, आम्हाला नाही जमत ते.”

अव्वा खाली बघत होती. पण तिला ते आवडलं होतं, हे मला दिसत होतं.

कार्यक्रम एका मंगल कार्यालयात होता. आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं अजून कमानीला लटकत होती. पाठीमागच्या पडद्यावर त्या फळाचं मोठं चित्र लावलं होतं, हिरवट पांढरं, अंगभर डोळे असल्यासारखं. खुर्च्या भरल्या होत्या. माणसं आमच्यासारखीच होती. बायकांच्या हातात डब्याच्या पिशव्या, कुणाच्या हातात काठी, कुणी एक्स-रेचं मोठं पाकीट घेऊन आलेलं. शोभाताईंनी मला पहिल्या रांगेत बसवलं. स्टेज उंच होता. तिथून बोलणाऱ्याचं तोंड बघायला मान वर करावी लागत होती. समोर, डोळ्यांच्या रेषेत, फक्त पाय येत होते.

दोघांतिघांचे अनुभव झाले. एकाचा मुतखडा पडला होता, एका बाईचे अंगावरचे पांढरे डाग गेले होते. कोट घातलेले ते मुंबईचे सर प्रत्येकाला म्हणायचे, “जोरदार टाळ्या!” आणि टाळ्या व्हायच्या.

मग अव्वाचं नाव पुकारलं. “सौ. महानंदाताई कोरे!” ती सौ. नव्हती, पण कुणी दुरुस्त केलं नाही. पायऱ्यांच्या कडेला हात टेकत ती चढली. चपला तिनं खालीच काढून ठेवल्या होत्या.

माईक तिनं दोन्ही हातांत धरला आणि भरलेल्या खुर्च्यांकडं बघितलं. मला वाटलं, ही आता घाबरून खाली येणार.

“माझी साखर उतरली,” अव्वा म्हणाली. “पण ते मी मागनं सांगते. आधी आमच्या मालकांचं सांगते.”

हॉल खरंच चिडीचूप झाला.

“मालक एसटीत होते. मेकॅनिक. कधी आजारी पडायचे नाहीत. एका पावसाळ्यात त्यांचं अन्नावरनं मन उडालं. डोळे पिवळे झाले, नखं पिवळी झाली. डेपोतल्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली, मोठ्या दवाखान्यात भरती करा म्हणून. ते तयार होते. पिशवी भरली होती त्यांनी, टॉवेल, साबण, सगळं. मी नाही म्हटलं.”

तिनं माईक तोंडाच्या आणखी जवळ आणला.

“मी म्हटलं, कावीळ डॉक्टरकडं बरी होत नसते. माझ्या भावाची माळेनं उतरली होती. नदीपलीकडं एक म्हातारा माळ द्यायचा. कसल्याशा काड्यांची, बारीक. ती डोक्यावर ठेवायची. जशी कावीळ उतरंल तशी माळ वाढती आणि खाली उतरती. मी त्यांना तिकडं नेलं. त्यांच्या मनात नव्हतं. माझ्यासाठी आले.”

तेव्हा मला ते आठवलं. इतकी वर्षं ते माझ्याजवळ होतं, पण वेगळ्याच अर्थानं. खाटेवर भिंतीला टेकून बसलेले अप्पा आणि त्यांच्या गळ्यात माळ. मी शाळेतून आले होते आणि मला वाटलं होतं, डेपोत अप्पांचा सत्कार झाला. मी टाळ्या वाजवल्या होत्या. अप्पा हसले होते.

“माळ वाढत होती,” अव्वा सांगत होती. “कपाळावरनं गळ्यात आली. गळ्यातनं छातीवर आली. मी रोज बघायची. त्यांना म्हणायची, बघा, उतरली, अजून थोडी राहिली. ते हो म्हणायचे. मग ते काहीबाही बोलायला लागले. मला वळखंनात. माळ कमरेपर्यंत आली होती तेव्हा ते गेले.”

माझ्या शेजारची एक बाई डोळे पुसत होती. मी पुसले नाहीत, कारण माझं लक्ष दुसरीकडं गेलं होतं. माझ्या अगदी समोर अव्वाचे पाय होते. ती उजवा पाय नीट टेकवत नव्हती. आणि त्या पायाच्या मोज्यावर, बोटांच्या जागी, ओला डाग होता. पिवळसर, कडेनं काळा. ती अंग हलवून उभी राहिली की तो थोडा पसरायचा.

“हे मी कुणाला सांगितलं नाही,” अव्वा म्हणाली. “लेकीलापण नाही. ती आज इथं बसलीय. पण आता मला कळलंय. त्यांच्या काविळीवर औषध होतं, ते हे होतं. तेव्हा ते आपल्याकडं नव्हतं आलं. आलं असतं तर मी आणून पाजलं असतं. कुठनंबी आणलं असतं. आता आलंय, तर तुमच्या माणसांना पाजा. माझ्यासारखं बसू नका.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. सर पुढं आले आणि त्यांनी अव्वाच्या खांद्यावर हात ठेवला.

“आणि आता तुमची साखर, ताई?”

“नॉर्मल.”

“आणि इंजेक्शन?”

“बंद. संक्रांतीपासनं एकपण घेतलं नाही.”

“जोरदार टाळ्या!”

मी उठून उभी राहिले होते. काय करणार होते, मला माहीत नव्हतं. सरांनी मला पाहिलं. “ह्याच का लेक? वा! द्या, त्यांना माईक द्या. लेकीचं मनोगत ऐकू या.”

कुणीतरी माझ्या हातात माईक दिला.

“अव्वा,” मी म्हणाले आणि माझाच आवाज मला सगळ्या हॉलमधून परत ऐकू आला. “उजव्या पायातला मोजा काढ.”

टाळ्या अर्धवट थांबल्या.

“सुवी, खाली बस,” अव्वा हळूच म्हणाली.

“मोजा काढ, अव्वा.”

ती हलली नाही. मी माईक खुर्चीत टाकला आणि पायऱ्या चढून वर गेले. तिला दंडाला धरून मागच्या खुर्चीवर बसवलं, खाली बसले आणि मोजा ओढला. तो निघेना. बोटांना चिकटला होता. मी ओढला तेव्हा मला वाटलं ती ओरडेल, पण तिला काहीच कळलं नाही. ती नुसती बघत राहिली, कुणा दुसऱ्याच्या पायाकडं बघावं तशी. अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं. वास पुढच्या रांगांपर्यंत गेला असावा, कारण खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

सरांनी काहीतरी खूण केली आणि मोठ्यानं गाणं लागलं. शोभाताई धावत आल्या.

“सुरुवातीला होतं असं,” त्या म्हणाल्या. “शरीरातली घाण बाहेर पडते...” आणि पाय बघून मध्येच थांबल्या. “महानंदाताई, हे मला का नाही दाखवलंत? का नाही दाखवलंत हो?”

रिक्षापर्यंत आम्ही दोघींनी तिला धरून नेलं. शोभाताई बसायला लागल्या तेव्हा मी त्यांना नको म्हटलं.

रिक्षा उन्हातून निघाली. मी तिच्या पायाखाली माझी ओढणी घडी करून ठेवली. नवऱ्याला फोन लावला, कुठल्या दवाखान्यात नेऊ ते विचारलं, रिक्षावाल्याला सांगितलं. माझे हात थांबत नव्हते. अव्वानं माझा दंड घट्ट धरला होता. मला वाटलं, आता तिला दुखायला लागलं असेल.

“सुवी,” ती म्हणाली. “ह्यानं ते वाचले असते ना गं?”

“कोण?”

“अप्पा.”

मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी समोरच्या सिग्नलकडं बघत होते.

“ह्यानं कुणी वाचत नसतं, अव्वा. दवाखान्यात न्यायला हवं होतं त्यांना.”

दंडावरची पकड सुटली. तिनं हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. बिल्ला अजून पदराला होता. दवाखान्यात तिनं डॉक्टरांनी विचारलं तेवढ्याचीच उत्तरं दिली.

त्याच संध्याकाळी तिची दोन बोटं आणि पावलाचा थोडा भाग काढला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं उशिरा आणलं असतं तर गुडघ्याखालून पाय गेला असता, कदाचित ती स्वतःच गेली असती. मला शाबासकी द्यावी तसं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शोभाताई आल्या. वॉर्डात शिरल्या नाहीत. बाहेर बाकावर बसून राहिल्या. मी चहाला निघाले तेव्हा दिसल्या. आदल्या दिवशीचीच साडी होती, कुंकू पुसटलेलं.

“इंजेक्शन बंद करा असं मी कधी म्हटलं नाही,” त्या म्हणाल्या. “देवाशपथ. कुणालाच म्हणत नाही मी. दर वेळी विचारायची, ताई, औषधं चालू आहेत ना? त्या म्हणायच्या, चालू आहेत. काल स्टेजवर ऐकलं तेव्हा मलाही धक्का बसला. पण सगळे टाळ्या वाजवायला लागले आणि...”

“तिनं का बंद केलं मग?”

“मला काय माहीत. माझ्याकडं कधी साखरेसाठी आल्याच नव्हत्या त्या.”

“म्हणजे?”

“भाकरी घ्यायला गेले होते मी त्यांच्याकडं. नोनीचं माहितीपत्रक पिशवीत होतं. ते बघून म्हणाल्या, ह्यात कावीळ लिहिलंय. कावीळ बरी होते ह्यानं? मी म्हटलं, होते. मग म्हणाल्या, हे किती वर्षांपूर्वीपासून मिळतंय? मी म्हटलं, आपल्याकडं आत्ता आत्ताच आलंय. आधी कुठं होतं?” शोभाताई आठवत होत्या. “तर त्या म्हणाल्या, ‘नव्हतं ना आधी? मग बरं.’ दोनदा म्हणाल्या. आणि लगेच एक बाटली घेतली. मला वाटलं, घरात कुणाला कावीळ झालीय.”

मी चहाला गेले नाही. परत वॉर्डात गेले. अव्वा जागी होती. छताकडं बघत होती. मी खाटेच्या कडेला बसले, तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

“अव्वा, काल रिक्षात मी जे बोलले...”

“पाणी दे,” ती म्हणाली.

मी पाणी दिलं. ती प्यायली आणि तोंड भिंतीकडं करून झोपली.

त्यानंतर मी तिला पुण्याला आणलं. ती आमच्याकडं अकरा वर्षं राहिली. इंजेक्शनं तिनं एकदाही चुकवली नाहीत. पथ्य सांभाळलं, पायाची काळजी घेतली, माझ्या मुलीला वाढवलं. तक्रार अशी तिनं कधी केली नाही. फक्त ते बोलणं गेलं. पुन्हा “हं” आणि “बरं”. मुलगी कधी लाडात येऊन म्हणायची, “आज्जी, अप्पा-आजोबांची गोष्ट सांग ना.” अव्वा तिच्या हातात काहीतरी खायला द्यायची.

बऱ्याच वर्षांनी, तिचं शेवटचं दुखणं सुरू व्हायच्या आधी, तिच्या रक्ततपासणीचे रिपोर्ट घेऊन मी एका वयस्क डॉक्टरांकडं गेले होते. पोटाच्या विकारांचे तज्ज्ञ. कामाचं बोलणं संपल्यावर मी त्यांना अप्पांचं विचारलं. भूक गेली, डोळे पिवळे, मग बरळणं, माणसं न ओळखणं. दवाखान्यात नेलं असतं तर वाचले असते का?

त्यांनी चष्मा काढला. “आता कसं सांगणार? कशामुळं झालं होतं, तेच माहीत नाही. काही वाचतात. पण यकृत इतक्या झपाट्यानं खराब झालं असेल, तर त्या काळात आमच्याही हातात फारसं काही नव्हतं. सलाईन लावून बसलो असतो.”

मी घरी आले. दुपार होती. अव्वा बाल्कनीत बसून शेंगा फोडत होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि मीही शेंगा फोडायला लागले. कसं काढावं कळेना. शेवटी एकदम सांगून टाकलं.

“अव्वा, आज डॉक्टरांना अप्पांचं विचारलं मी. ते म्हणाले, तेव्हा दवाखान्यात नेऊनही काही झालं नसतं. त्या काविळीला तेव्हा काही उपायच नव्हता.”

ती शेंगा फोडत राहिली. दाणे एका बाजूला, टरफलं एका बाजूला.

“असं म्हणाले?”

“हो.”

“असंच?”

“हो, अव्वा.”

तिनं एक दाणा उचलला, बघितला, किडका निघाला म्हणून टाकला. मग म्हणाली, “हे त्या दिवशी रिक्षात का नाही म्हणालीस?”

रागानं नव्हे. ज्वारीचा भाव विचारावा तसं.

“तेव्हा मला माहीत नव्हतं, अव्वा.”

अव्वानं मान हलवली. खालून कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

“मलापण कुठं माहीत होतं गं,” ती म्हणाली.